फ्रेमला करवत न लावता: एका येझदी रोडकिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात गोठ्याशेजारच्या पडवीत एक येझदी रोडकिंग मोटारसायकल पंधराएक वर्षं उभी होती. गाडी १९८० च्या दशकाच्या मध्यावर घेतलेली. घेणारे गृहस्थ साखर कारखान्यात नोकरीला. पाळीला जायला, आठवडी बाजाराला, पोरांना शाळेत सोडायला, चैत्रात जोतिबाला, सगळीकडे हीच गाडी. पुढे त्यांचे गुडघे किकला साथ देईनात, घरात बटनस्टार्टची स्कूटर आली आणि रोडकिंगवर पोती पडली. ते वारल्यावर काही वर्षांनी मुलाने ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. मुलगा तिशीतला, पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवारी गावी येणारा. नाव, गाव आणि गाडीचा नंबर इथे दिलेला नाही. गाडीचं काम करणारे मिस्त्री, आमचे वस्ताद, त्याला 'मालक' म्हणायचे, मीही तेच म्हणतो. जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, गाड्यांचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे, त्यामुळे या कामात मी पहिल्यापासून सोबत होतो.

ज्यांनी रोडकिंग चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या आपल्याकडे बनवायला घेतल्या. पुढे त्याच घराण्यातल्या गाड्या 'येझदी' नावाने निघाल्या. रोडकिंग १९७८ मध्ये आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन. गिअरचाच दांडा फिरवून उभा केला की त्याची किक होते. ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळायचं, लिटरला साधारण ४० मिली. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, हलणारे भाग मोजके. म्हणून घरच्या पडवीत काम शिकायचं तर याहून चांगली गाडी मला तरी माहीत नाही.

मूळ बेत

मालकाच्या डोक्यात कॅफे रेसर होती. फोनमध्ये फोटोंचा मोठा साठा: मागची फ्रेम कापून आखूड केलेली, एकट्यापुरती सीट आणि तिच्यामागे कुबड, खाली झुकलेलं हँडल, मडगार्ड नाहीच, सायलेन्सरच्या जागी मोकळे पाइप, पुढच्या चाकाला दुसऱ्या गाडीची डिस्क. पुण्यातल्या एका वर्कशॉपने हे सगळं तीन महिन्यांत करून देतो म्हणून अंदाजपत्रकही दिलं होतं. निम्मे पैसे आधी द्यायचे होते.

हा बेत वेडगळ नव्हता. ब्रिटनमधल्या तरुणांनी १९५० आणि ६० च्या दशकांत रोजच्या गाड्यांतून जास्तीचं वजन उतरवून ही घडण तयार केली आणि तिच्यात खरी शिस्त आहे: जे धावायला लागत नाही ते गाडीवर ठेवायचं नाही. मालकाची नजर चांगली होती. त्याने कागदावर काढलेली रेघ टाकीपासून सीटपर्यंत सलग जायची, कुठे अडखळायची नाही. प्रश्न एवढाच होता की या विशिष्ट गाडीवर, या विशिष्ट घरात तो बेत बसतो का.

अडचण

पहिल्याच दिवशी कळलं की इंजिन जाम आहे. मालकाचा चुलतभाऊ किकवर उभा राहून उड्या मारायच्या तयारीत होता. वस्ताद साठी ओलांडलेले, उमेदीची सगळी वर्षं जावा-येझदीवर घालवलेली. ते म्हणाले, "दांडा सोडा. आत काय झालंय ते बघितल्याबिगर जोर लावायचा न्हाई." त्यांनी प्लग काढला, भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतलं आणि आठवडाभर गाडीला हात लावू नका म्हणाले. पुढच्या रविवारी किकचा दांडा हाताने दाबला तर पिस्टन कुरकुरत खाली गेला. मला विचाराल तर संपूर्ण कामातला हा पहिला योग्य निर्णय होता आणि तो काहीही न करण्याचा होता. जाम इंजिनावर उड्या मारून किकचे दात आणि कधीकधी केस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवचही, फुटलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

इंजिन उघडल्यावर बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या सिलिंडरच्या पोकळीत, गंजाचं कडं दिसलं, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगला खड्डे पडलेले. ते अपेक्षितच होतं. अनपेक्षित निघाला तो क्रँककेसला पुढच्या चेनचक्राजवळ गेलेला तडा. कधीकाळी चेन तुटून चक्रात गुंडाळली गेली असणार. वडिलांनी किंवा त्यावेळच्या कुणा मिस्त्रीने त्यावर एम-सील थापून वेळ मारून नेली होती.

कागदांची अवस्था याहून वाईट. आरसी बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, सुखरूप होतं. पण ते वडिलांच्या नावावर. नोंदणीची पहिली १५ वर्षं संपल्यावर एकदा ५ वर्षांचं नूतनीकरण झालेलं, त्यानंतर काही नाही. नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेतला, 'एमएच' सुरू होण्याआधीचा. आरटीओच्या संगणकावर गाडी सापडेना. म्हणजे सरकारच्या लेखी ही गाडी फक्त त्या पिशवीतल्या पुस्तकात होती.

आणि तिसरी गोष्ट कुणी विचारातच घेतली नव्हती. मालकाने आईला फोटो दाखवले. काकूंनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "चालू कर की. पर मी कुठं बसायचं यावर? मला एकडाव मागं बसून जोतिबाला जायचंय." फोटोतल्या एकाही गाडीला मागची सीट नव्हती.

समोरचे पर्याय

विकून टाकणं हा पर्याय होताच. मधल्या काळात गावात एक खरेदीदार येऊन गेला होता. त्याने कागद पाहिले आणि सुट्या भागांच्या हिशेबाने भाव सांगितला. त्याचं चुकलं नव्हतं, चालू नोंदणी नसलेली गाडी म्हणजे बाजाराच्या दृष्टीने टाकी, चाकं आणि मडगार्डच. घरात कुणालाच विकायची नव्हती म्हणून हा विषय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय तंतोतंत मूळ रूपाचा: प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पट्टी, मीटरची तबकडी, सगळं कारखान्यातून निघालं तसं. हे काम सुंदर असतं आणि जे निष्ठेने करतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात, तिथे अशा गाड्यांभोवती लोक तासन्‌तास उभे राहतात. पण मूळ सुटे भाग जमवण्यात वर्षं जातात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चकरा, म्हैसूरच्या ओळखी, दिल्लीच्या करोलबागेतून पार्सलं. मालकाला ती हौस नव्हती. त्याला गाडी चालवायची होती आणि तिच्यावर स्वतःच्या हाताची काही खूण हवी होती.

तिसरा कॅफे रेसरचा. इथे कायदा नीट समजून घेणं भाग होतं, कारण हौशी मंडळींत याबद्दल ऐकीव माहितीच जास्त. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी आणि कारखान्याने दिलेल्या मूळ घडणीशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा जोडली गेली: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता फोटोतली गाडी या नजरेने पाहा. फ्रेम कापली, म्हणजे मूळ घडण गेली. एकट्याची सीट केली, तर आरसीवर आसनसंख्या २ लिहिलेली. साडीगार्ड आणि मागच्या माणसाने धरायची कडी काढली, तर त्यांचा आग्रह केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. ज्या गाडीची नोंदणी चालू आहे तिचा मालक पकडलं जाईपर्यंत हे सगळं दामटून नेतो. इथे गाडीला आपण होऊन तपासणीच्या मैदानावर उभं राहायचं होतं. कापलेली फ्रेम घेऊन नूतनीकरण मागायला जाणार कसं?

चौथा पर्याय आमच्या चर्चेतून हळूहळू तयार झाला. फ्रेमला करवत, वेल्डिंग, ड्रिल काहीच लावायचं नाही. जे बदल करायचे ते मूळ भोकांवर, मूळ ब्रॅकेटवर, बोल्टने. काढलेला प्रत्येक भाग खोक्यात भरून, चिठ्ठी लावून माळ्यावर. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असली तर पान्यांच्या एका संचावर ती परत आली पाहिजे.

निर्णय कशावर ठरला

मालक चौथ्या पर्यायाकडे वळला तो एका तारखेमुळे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. तिचा नंबर 'व्हीए' अक्षरांचा, नोंदणी १० वर्षांची, पहिलं शुल्क २०,००० रुपये. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ही रोडकिंग २०३० च्या दशकाच्या मध्यावर पन्नाशीची होते. मालकाने बोटांवर हिशेब केला, तेव्हा तो स्वतः चाळिशीत असेल. आज मागचा भाग कापला तर ते दार कायमचं बंद. वस्तादांनी त्यांच्या भाषेत सांगितलं: "कापाय अर्धा तास लागतो मालक. जोडल्यावर ती रेघ जात न्हाई."

पुण्याच्या वर्कशॉपला नकार कळवला गेला. पैसे दिलेले नव्हते हे बरं झालं.

इंजिन: दुसरं बसवायचं की हेच वाचवायचं

तडा गेलेल्या केसवर गावातल्या एका मिस्त्रीने सोपा उपाय सुचवला होता. भंगारवाल्याकडे रोडकिंगचं पूर्ण इंजिन मिळतंय, बसवून टाका, दुरुस्तीच्या निम्म्या खर्चात गाडी चालू. ऐकायला अगदी व्यवहारी. पण इंजिन नंबर केसवर कोरलेला असतो आणि तो आरसीशी जुळला पाहिजे. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते, त्यासाठी ते कुठून आलं याचा कागद लागतो. भंगारातल्या इंजिनाला कसला कागद? ते चोरीच्या गाडीचं नसेलच याची हमी कुणी द्यायची? फक्त तडा गेलेली अर्धी केस बदलावी म्हटलं तर तेही जमत नाही, कारण केसचे दोन अर्धे जोडीने मशिन केलेले असतात. एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा लावला तर बेअरिंगच्या जागा एका रेषेत येत नाहीत.

म्हणून हीच केस वाचवायची ठरली आणि ती कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाला उद्यमनगर जवळ असणं ही मोठी श्रीमंती आहे. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर, आणि कास्टिंग हातात घेऊन वाजवून सांगणारी माणसं. चाळीस वर्षं ऑइलमध्ये मुरलेल्या ॲल्युमिनियमवर थेट आर्गन वेल्डिंग केलं तर आतलं ऑइल उकळून बुडबुडे येतात. त्यांनी एम-सील खरवडून काढलं, केस धुतली, भट्टीत तापवली, पुसली, पुन्हा तापवली. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, जेणेकरून तो पुढे सरकणार नाही. मग तड्यावर व्ही आकाराची खाच घेऊन वेल्डिंग, आणि शेवटी जोडाचा चेहरा सपाट.

क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या भागाचं, काम मी तिथे उभं राहून पाहिलं. येझदीचा क्रँक म्हणजे पोलादाच्या दोन जाड तबकड्या आणि त्यांना दाबून जोडणारी एक पिन. प्रेसवर तो सोडवला, नवीन रॉड, पिन आणि बेअरिंग घातलं, पुन्हा दाबला. इथपर्यंत कुणीही करेल. खरं काम त्यानंतर. कारागिराने क्रँक लेथच्या दोन टोकांत धरला, दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर डायल टेकवली आणि हाताने सावकाश फिरवलं. काटा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास डोलत होता. त्याने खडूने तबकडीवर एक खूण केली, क्रँक उतरवला, तांब्याच्या हातोडीचा एक ठोका दिला, पुन्हा चढवला. काटा थोडा कमी डोलला. पुन्हा खूण, पुन्हा ठोका, कधी एका तबकडीवर, कधी दोन्हींच्या मध्ये पाचर घालून. काटा दोन-तीन शतांशात येईपर्यंत तो थांबला नाही. एवढा खटाटोप का, तर वाकडा क्रँक काही हजार किलोमीटरमध्ये मुख्य बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही खातो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या या सीलवर सगळं चालतं हे नवख्यांना माहीत नसतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं आणि मागून पांढरा धूर सोडतं. दुसऱ्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन आपोआप चढतं आणि एखाद्या उन्हाच्या दिवशी पिस्टन चिकटतो. लोक कार्बोरेटर खोलून दमतात आणि दोष असतो शंभरेक रुपयांच्या सीलमध्ये. बोअर पुढच्या मापाला काढला, नवीन पिस्टन आणि रिंगा घातल्या. एकूण खर्च लाखाच्या थोडा पुढे गेला, त्यातला निम्म्याच्या जवळपास इंजिनावर. दिसण्यावर आधी पैसे घालून इंजिनापाशी येईपर्यंत खिसा रिकामा झालेल्या कितीतरी गाड्या गॅरेजच्या कोपऱ्यात चकचकीत होऊन उभ्या असतात. मालकाने क्रम उलटा ठेवला हे त्याचं शहाणपण.

फ्रेम, रंग आणि चेसिस नंबर

इथे एक घोटाळा झाला. एका शनिवारी घाईत मालकाने फ्रेम, स्टँड आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म पावडर कोटिंगला टाकले. पावडर कोटिंग टिकाऊ, गंजाला चांगलं, माझाही विरोध नसतो. पण ते भट्टीत भाजलेलं जाड आवरण असतं. फ्रेमच्या मानेवर, म्हणजे हँडल बसतं त्या नळीवर, कोरलेल्या चेसिस नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावून तेवढी जागा झाकायला सांगणं राहून गेलं. फ्रेम परत आली ती काळी कुळकुळीत आणि नंबराच्या जागी नुसत्या पुसट लाटा. आरटीओच्या तपासणीत चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतात. त्या लाटांवरून ठशात एकही आकडा वाचता येईना.

मालक घाबरला आणि पंच घेऊन आकडे पुन्हा ठोकून घ्यावेत म्हणाला. वस्तादांनी आणि मी, दोघांनी त्याला तिथेच थांबवलं. नंबर स्वतः ठोकणं ही सरळ छेडछाड आहे. हेतू कितीही चांगला असो, ठोकलेल्या आकड्यांचं वळण मूळ आकड्यांपेक्षा वेगळं येतं आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. कानस आणि पॉलिशपेपरही वर्ज्य, कारण मूळ कोरीव काम उथळ असतं. शेवटी तळहाताएवढ्या जागेवर पेंट रिमूव्हर लावून, पितळी तारांच्या ब्रशने हळूहळू, थरामागून थर, पावडर सोडवली. आकडे जसेच्या तसे निघाले. तेवढ्या जागेवर ब्रशने पातळ काळा रंग दिला.

टाकीच्या रंगाचा निर्णय मात्र सोपा झाला. मालकाच्या मनात हिरवा होता, आरसीवर रंग काळा. बदलाची नोंद करून घेता आली असती, पण कागदांची गुंतागुंत आधीच पुरेशी होती. काळीच ठेवली, आणि स्वतःची खूण म्हणून बाजूच्या डब्यांवर हाताने ओढलेली बारीक सोनेरी रेघ. गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी ती काढली.

काय बदललं, काय ठेवलं

हँडल थोडं सपाट आणि अरुंद घातलं, मूळ क्लॅम्पमध्येच. सीट नवीन बनवली: पत्र्याचा तळ मूळ बिजागरीवर बसेल असा, वर सपाट गादी, लांबी दोघांची. मागची कडी, साडीगार्ड आणि फुटरेस्ट जागच्या जागी राहिले. कागदावरची ती सलग रेघ अशी बरीचशी साधली गेली, पण काकूंची जागा शाबूत ठेवून.

मोकळ्या पाइपांवर मालक शेवटपर्यंत अडून होता. त्याला पटलं ते आवाजाच्या दंडामुळे नाही, यंत्रामुळे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. बाहेर पडणाऱ्या धक्क्याची लाट सायलेन्सरमधून परत येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण मागे ढकलते. मोकळा पाइप लावला की आवाज वाढतो आणि ताकद पळते. वस्तादांनी मूळ सायलेन्सरांतल्या जाळ्या बाहेर काढल्या, आतला डांबरासारखा काजळीचा थर जाळून साफ केला आणि परत घातल्या.

६ व्होल्टची वीजव्यवस्था १२ व्होल्टवर नेली, प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या प्लॅटिन पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुनी प्लेट आणि कॉइल खोक्यात आहेत. रात्री खेड्यातल्या रस्त्यावर ६ व्होल्टच्या दिव्याने बैलगाडी दिसत नाही, त्यामुळे यावर वाद झालाच नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचा विचार करावा लागला. इथेनॉल जुनं रबर खराब करतं आणि हवेतलं पाणी ओढतं, शिवाय त्यातल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळ पडतं. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची रबरं बदलली, पेट्रोल सोडणारा मुख्य जेट एक माप मोठा घातला, टाकी आतून गंजमुक्त करून अस्तर दिलं.

कागद

हे काम गॅरेजच्या कामाइतकंच लांबलं. आधी आरसी बुकावरून संगणकावर बॅकलॉग नोंद, कारण ती झाल्याशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. वारसनोंदीसाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आणि आई व बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. गाडी कुणाच्या नावावर करायची यावर घरात थोडी चर्चा झाली. शेवटी मुलाच्या नावावर ठरली, कारण फेऱ्या त्यालाच मारायच्या होत्या. नूतनीकरणाला फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर. दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये १,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकींना ते २,००० आहे. त्यावर उशिराचे महिन्याला ३०० रुपये. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या गाडीला हा उशीर महागात पडतो, म्हणून ज्यांच्या पडवीत अशी गाडी आहे त्यांनी इंजिनाला हात लावण्याआधी कार्यालयात जाऊन हा आकडा लेखी काढून घ्यावा.

निकाल

गाडी टेम्पोत घालून तपासणीला नेली. चेसिसचा ठसा पहिल्याच कागदावर वाचता आला, इंजिन नंबर जुळला, आसनसंख्या जुळली, रंग जुळला. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. नव्या सील आणि नीट लावलेल्या कार्बोरेटरवर ती सहज त्याच्या आत बसली. नोंदणी ५ वर्षांसाठी मिळाली.

पहिले हजार किलोमीटर मालकाने जास्त ऑइल घालून, अर्ध्या थ्रॉटलवर, मध्ये थांबत काढले. काकूंना तो जोतिबाला घेऊन गेला. डोंगराचा चढ गाडीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर न थांबता घेतला. सीट जराशी कडक आहे अशी काकूंची तक्रार आली आणि तिच्यात आणखी एक फोमचा थर पडला.

वेगळं काय करता आलं असतं

कागद सर्वांत आधी. इथे इंजिनावर पैसे गेल्यानंतर बॅकलॉगची नोंद सुरू झाली. जुन्या नोंदवहीत गाडी सापडलीच नसती तर तो सगळा खर्च पडवीत उभा राहिला असता. एक चौकशी, एक अर्ज, आणि मग पहिला नट सोडवायचा, असा क्रम हवा.

रंगाआधी पूर्ण जोडणी करून पाहायला हवी होती. नवीन सीटच्या तळाला एक ब्रॅकेट अर्धा इंच आडवा येतोय हे रंग झाल्यावर कळलं, आणि तळ घासून बसवताना मागच्या मडगार्डच्या नव्या रंगावर ओरखडे आले. उघड्या पत्र्यावर सगळं जोडून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, सीटवर दोन माणसं बसवून पाहिलं असतं तर हे टळलं असतं. पावडर कोटिंगला देताना काय झाकायचं ते लिहून द्यावं: चेसिस नंबर, मानेतल्या बेअरिंगच्या वाट्या, इंजिनाच्या बोल्टांच्या जागा, आणि अर्थिंगच्या वायरची जागा. तोंडी सांगितलेलं कामाच्या गर्दीत विसरलं जातं.

पुढच्या ब्रेकबद्दल माझं मत वस्तादांपेक्षा वेगळं आहे. ड्रम मूळचाच ठेवला हे बरोबर, पण नवीन लाइनर तसेच बसवले गेले. ड्रम लेथवर गोल करून, लाइनर त्याच गोलाईला घासून घेतले असते तर आजच्या रहदारीत गाडी जास्त खात्रीने थांबली असती. मालकाने हे काम पावसाळ्यानंतर करायचं ठरवलंय, चाक उघडलं की मागच्या ड्रमचंही त्याच वेळी होईल.